साम्य मोजणारे यंत्र, चोरी ठरवणारा माणूस



आजचा विषय वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या संगणकप्रणालींचा इतिहास असा जाहीर झाला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने संगणकावर कशाला बोलावे, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते रास्त आहे. पण असं बघा, ही यंत्रे आज प्रकाशकांच्या कचेरीत, वर्तमानपत्रांत, विद्यापीठांत आणि व्यापारी कंपन्यांतही बसली आहेत. एखाद्याचे हस्तलिखित आत टाकायचे आणि काही मिनिटांत एक आकडा बाहेर येतो, '२३ टक्के'. या आकड्यावर कोणाचा लेख परत जातो, कोणाची पदवी अडते, कोणाच्या नावाला काळिमा लागतो. आता 'हा माणूस चोर आहे' हे एक विधान आहे. ते सिद्ध करायला कोणते प्रमाण लागते, हा प्रश्न संगणकशास्त्राचा नाही, प्रमाणशास्त्राचा आहे. म्हणून मी उभा राहिलो.

सुरुवात शब्दापासून करू. इंग्रजीतला 'प्लेजियारिझम' हा शब्द लॅटिनमधून आला आणि मुळात त्याचा साहित्याशी काहीही संबंध नव्हता. रोमन कायद्यात 'प्लेजिआरियस' म्हणजे माणसे पळवणारा, दुसऱ्याचा गुलाम किंवा स्वतंत्र माणूस पळवून आपला म्हणून ठेवणारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मार्शल नावाचा कवी रोममध्ये होता. फिडेंटिनस नावाचा कोणी गृहस्थ मार्शलच्या कविता आपल्या म्हणून वाचून दाखवत असे. मार्शलने त्याला हाच शब्द वापरला. माझ्या कविता ही माझी माणसे, आणि तू त्यांना पळवून नेलेस, असा त्याचा रोख होता.

आपल्याकडेही फिडेंटिनस आहे. त्याचे नाव सालोमालो. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो आठवत असेल. तुकोबांचे अभंग घ्यायचे, शेवटची 'तुका म्हणे' ही मुद्रा काढायची आणि तिथे आपले नाव घालायचे, हा त्याचा उद्योग. खुद्द तुकोबांच्या गाथेत त्याच्यावर कोरडे ओढलेले आहेत. सालोमालो लक्षात ठेवा, पुढे त्याला यंत्रात घालायचा आहे.

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार मात्र रोममध्ये झाला नाही, तो आपल्याकडे झाला. इसवी सन ९०० च्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. हा कनोजच्या प्रतिहार राजांच्या दरबारातला कवी, पण त्याचे घराणे आपल्याकडचे. त्याच्या पणजोबांना 'महाराष्ट्रचूडामणी' म्हटले जाई. हा ग्रंथ १९१६ मध्ये बडोद्याला गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापला गेला. त्यात 'हरण' या विषयाला स्वतंत्र अध्याय आहेत. शब्दहरण पाच प्रकारचे: एक पद उचलणे, एक चरण उचलणे, अर्धा श्लोक उचलणे, वृत्त उचलणे आणि सगळा प्रबंधच उचलणे. म्हणजे आजच्या भाषेत टक्केवारीच झाली की!

पण राजशेखर तिथे थांबत नाही. अर्थहरणाकडे वळल्यावर तो प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य आणि परपुरप्रवेशसदृश असे प्रकार सांगतो. प्रतिबिंबकल्प म्हणजे अर्थ सगळा तोच, फक्त वाक्यरचना निराळी, आरशातल्या प्रतिमेसारखा. हा कवीने टाळावा. आलेख्यप्रख्य म्हणजे थोडे संस्कार करून वस्तू वेगळी भासवलेली, चित्रासारखी. तुल्यदेहितुल्य म्हणजे विषय निराळे, पण साम्य एवढे दाट की दोन्ही एकच वाटावेत. परपुरप्रवेश म्हणजे मूळ एक, पण मांडणी पार बदललेली. अशा तऱ्हेने काही हरण त्याज्य ठरते आणि काही स्वीकारार्ह. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धनाने सांगून ठेवले होते की दोन माणसे दिसायला सारखी असली तरी प्रत्येकाला आपापला आत्मा असतो. तसे सारखेपण काव्यात दोषाचे नाही.

राजशेखराच्या ग्रंथात आणखी एक मौज आहे. त्याची पत्नी अवंतिसुंदरी ही स्वतः विदुषी. तिचे मत तो आदराने देतो. हरण करणारे मनाची कशी समजूत घालतात याची जणू यादीच तिने दिली आहे: तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे, त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे, अशी ती वाढत जाते. अकराशे वर्षांत सबबी बदललेल्या नाहीत! आणि दुसऱ्याची रचना पैसे मोजून विकत घेतली तरी ते हरणच, असेही राजशेखर बजावतो. पैसे देऊन प्रबंध लिहून घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. कवी आणि व्यापारी या दोन्ही जातींत चोर नसलेला सापडत नाही, ज्याला लपवता येते तो निभावतो, अशीही एक मिस्कील कबुली तो देऊन जातो.

आता विसाव्या शतकात येऊ.

या यंत्रांचा जन्म साहित्यात झाला नाही, संगणकाच्या वर्गात झाला. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात कार्ल ऑटेनस्टाइन याने १९७६ मध्ये विद्यार्थ्यांचे फोरट्रान प्रोग्रॅम तपासण्याची एक रीत मांडली. प्रोग्रॅममध्ये क्रियाचिन्हे किती, त्यांतली वेगवेगळी किती, ज्यांवर क्रिया होते ती पदे किती आणि त्यांतली वेगवेगळी किती, असे चार आकडे काढायचे. दोन प्रोग्रॅमचे चारही आकडे जुळले की डोळ्यांनी पाहायचे. पुढे १९९४ मध्ये बर्कलीच्या ॲलेक्स एकनने 'मॉस' ही प्रणाली केली. तिचे पूर्ण नाव पाहा: 'मेझर ऑफ सॉफ्टवेअर सिमिलॅरिटी'. साम्याचे माप. चोरीचे माप असे त्याने म्हटले नाही, आणि सारखे निघालेले भाग माणसानेच पाहून ठरवावे असेही सांगितले.

प्रकाशकांचा संबंध १९९५ मध्ये आला. इंटरनेट नुकते पसरू लागले होते. पुस्तक एकदा संगणकावर आले की त्याची प्रत काढायला क्षणही लागत नाही, ही प्रकाशकांची धास्ती होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्गेई ब्रिन, जेम्स डेव्हिस आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी 'कॉप्स' नावाची योजना मांडली. पोलीस! मूळ लेखन एका नोंदणीगृहात नोंदवायचे आणि नवीन येणारे प्रत्येक लेखन त्याच्याशी ताडून पाहायचे. यातला ब्रिन म्हणजे तोच, ज्याने पुढे गुगल काढले. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, आंद्रेई ब्रोडरने अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राच्या कामात सुमारे ३ कोटी वेबपृष्ठांतली सारखी पृष्ठे वेगळी काढण्याची रीत दाखवली. त्याला चोर पकडायचे नव्हते. एकच पान दहा वेळा दिसू नये, एवढाच हेतू.

हे यंत्र काम कसे करते ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. एक साधे वाक्य घ्या: 'पावसाळ्यात कोकणातल्या नद्या लाल होऊन वाहतात.' यातून तीन-तीन शब्दांच्या साखळ्या करा. 'पावसाळ्यात कोकणातल्या नद्या', 'कोकणातल्या नद्या लाल', 'नद्या लाल होऊन', अशा. प्रत्येक साखळीला गणिती रीतीने एक आकडा द्या. तो तिचा अंगठ्याचा ठसा. पुस्तकभर असे लाखभर ठसे होतात. सगळे साठवणे परवडत नाही, म्हणून त्यांतले निवडक ठेवायचे. एकन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जी निवड सुचवली तिला त्यांनी 'विनोइंग' म्हटले, म्हणजे आपली उफणणी. खळ्यावर वाऱ्याच्या तोंडाशी धान्य उफणतात, भूस उडते आणि दाणे खाली पडतात, तसे. मग नव्या लेखनाचे ठसे जुन्या साठ्याशी जुळवायचे. जुळले ते रंगवून दाखवायचे, आणि एकूण शब्दांत ते किती, याची टक्केवारी काढायची.

एवढेच. यात लेखकाचा हेतू नाही, अर्थ नाही, अवतरणचिन्हांमागची कृतज्ञता नाही. शब्दांच्या साखळ्या आहेत.

याचा धंदा कसा झाला? बर्कलीतच जॉन बॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'आयपॅराडाइम्स' ही कंपनी काढली. तिचे 'टर्निटिन' शाळा-महाविद्यालयांसाठी. पुढे तिनेच 'आयथेंटिकेट' हे प्रकाशक आणि व्यावसायिक संस्थांसाठी काढले. त्याच सुमारास 'कॉपीस्केप' आले: आपल्या संकेतस्थळावरचा मजकूर दुसऱ्या कोणी उचलला आहे का, हे व्यापाऱ्याला पाहता येऊ लागले. म्हणजे दोन निरनिराळी गिऱ्हाईके झाली. प्रकाशक विचारतो, 'माझ्याकडे आलेला माल चोरीचा तर नाही ना?' व्यापारी विचारतो, 'माझा माल कोणी चोरला?'

प्रकाशकांना धडकी भरावी असे प्रसंग घडतही होते. २००६ च्या एप्रिलमध्ये हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या एका तरुण लेखिकेची कादंबरी लिटल, ब्राउन या नामांकित प्रकाशनाने काढली आणि थोड्याच दिवसांत बाजारातून परत घेतली. दुसऱ्या एका कादंबरीकर्तीच्या पुस्तकांतले परिच्छेद तिच्यात आढळले होते. हे पकडले कोणी? यंत्राने नव्हे, वाचकांनी. आणि छापले विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने. पुस्तक परत घेणे म्हणजे छपाईचा, वितरणाचा खर्च पाण्यात, आणि अब्रू जाते ती वेगळीच.

२००८ मध्ये मोठे पाऊल पडले. 'क्रॉसरेफ' ही संशोधनपत्रिका काढणाऱ्या प्रकाशकांची संघटना. एरवी एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या या प्रकाशकांनी आपापल्या लेखांचा पूर्ण मजकूर तपासणीसाठी आयथेंटिकेटला खुला केला. या सेवेचे नाव होते 'क्रॉसचेक'. पुढे ते बदलून 'सिमिलॅरिटी चेक' केले गेले. पुन्हा तेच: साम्य. नाव ठेवणारे सावध होते, वापरणारे तेवढे सावध राहिले नाहीत.

या धंद्यातली एक विसंगती न्यायालयातही गेली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि ॲरिझोना राज्यांतल्या चार शाळकरी मुलांनी २००७ मध्ये आयपॅराडाइम्सवर दावा लावला. त्यांचे म्हणणे साधे होते: आमचे निबंध आमची मालमत्ता, तुम्ही ते आमच्या परवानगीशिवाय कायमचे साठवता आणि त्यांवर धंदा करता. नक्कल रोखायची म्हणून तुम्हीच सगळ्यांच्या नकला करून ठेवता! न्यायालयाने २००८ मध्ये आणि अपिलात २००९ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने दिला. निबंध वाचण्यासाठी नव्हे, ताडून पाहण्यासाठी साठवला जातो, हा वापर वेगळ्या स्वरूपाचा आहे, म्हणून तो न्याय्य, असे ठरले. कायद्याने प्रश्न मिटला. धंद्याचा आकार किती वाढला पाहा: हीच कंपनी २०१४ मध्ये सुमारे ७५ कोटी डॉलरना विकली गेली आणि २०१९ मध्ये सुमारे १७५ कोटी डॉलरना.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर बंदी, ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. उद्धृते, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे वगळायचे. सामान्य ज्ञानाचे सलग १४ शब्दांपर्यंतचे जुळणेही सोडायचे. दुसऱ्या वर्षी 'शोधशुद्धी' योजनेतून विद्यापीठांना तपासणीची प्रणाली मिळाली. नियमांत चौकशीच्या समित्या आहेत, बाजू मांडायची संधी आहे. पण मंडळी, आपण एकमेकांना विचारतो काय? 'किती टक्के आले?' समितीचे नावही कोणी काढत नाही. नऊ टक्के आले की माणूस साव, अकरा आले की चोर.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. आपल्या नैयायिकांनी एक उदाहरण घासून-घासून गुळगुळीत केले आहे. 'पर्वतावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे', हे अनुमान बरोबर. पण उलटे करा: 'अग्नी आहे, म्हणून धूर आहे.' हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर केव्हा येतो? ओले लाकूड असेल तेव्हा. हे ओले लाकूड म्हणजे 'उपाधी', अनुमानात लपून बसलेली अट. 'साम्य आहे, म्हणून चोरी आहे' हे अनुमान नेमके या दुसऱ्या जातीचे आहे. यातले ओले लाकूड कोणते? 'दुसऱ्याचे आहे हे ठाऊक असून, ते न सांगता, आपले म्हणून देणे.' ही अट यंत्राला दिसत नाही. दिसते ते फक्त साम्य.

याचा पुरावा इतिहासानेच दिला आहे. २००१ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात लुई ब्लूमफील्ड या भौतिकीच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांचे निबंध ताडून पाहायला स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. शंभराहून अधिक विद्यार्थी संशयित ठरले, काहींना विद्यापीठ सोडावे लागले. हाच प्रोग्रॅम पुढे 'डब्ल्यूकॉपीफाइंड' नावाने सर्वांना फुकट मिळू लागला. २०१८ मध्ये डेनिस मॅकार्थी आणि जून श्लूटर या अभ्यासकांनी तो वापरून जॉर्ज नॉर्थ नावाच्या लेखकाचे १५७६ चे एक अप्रकाशित हस्तलिखित शेक्सपिअरच्या नाटकांशी ताडून पाहिले. ११ नाटकांत त्याचे पडसाद त्यांना आढळले. आता यंत्र तेच, गणित तेच, साम्यही तसलेच. पण तिथे विद्यार्थ्यांना घरी जावे लागले, आणि इथे आपण म्हणालो, 'वा! शेक्सपिअर काय वाचत होता ते कळले.' हा फरक यंत्राने केला का? नाही. तो आपण केला, आणि तो करण्याचा अधिकार आपलाच आहे.

आता सालोमालोला यंत्रात घालू. त्याने फक्त मुद्रा बदलली आहे, तेव्हा साम्य जवळजवळ शंभर टक्के निघेल. झाले, चोर सापडला! पण थांबा. यंत्र एवढेच सांगेल की ही दोन कवने एक आहेत. मूळ कोणाचे, हे ते सांगणार नाही. समजा सालोमालो चलाख निघाला आणि त्याने 'आपली' गाथा आधी साठ्यात भरली. मग देहूहून तुकोबा आपली वही घेऊन आले, तर यंत्र कोणाकडे बोट दाखवील? तुकोबांकडे! ज्याची नोंद आधी तो धनी, ही सावकाराची रीत झाली, न्यायाची नव्हे. ज्या भाषांचे लेखन साठ्यात कमी आहे त्यांच्या लेखकांवर हा प्रसंग अधिक येणार.

मराठीचे आणखी दोन धोके आहेत. एक, कित्येक वर्षे आपली पुस्तके जुन्या फाँटमध्ये जुळवली गेली, युनिकोडमध्ये नाही. पडद्यावर ती देवनागरी दिसतात, पण आत भलतीच रोमन अक्षरे असतात. यंत्राला ती वाचताच येत नाहीत. स्कॅन केलेल्या पुस्तकांचीही तीच गत. दुसरा धोका मोठा. इंग्रजी पुस्तकातले प्रकरण उचलून सफाईने मराठीत उतरवले, तर शब्दाशब्दाच्या साखळ्यांत काय जुळणार? शून्य टक्के! राजशेखराच्या भाषेत हे प्रतिबिंबकल्प हरण, सर्वांत त्याज्य. आणि त्याला स्वच्छ प्रमाणपत्र. उलट कायद्याचा विद्यार्थी कलमांचे शब्द प्रामाणिकपणे तसेच देतो आणि त्याचा आकडा फुगतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

गेल्या काही वर्षांत यात नवी भर पडली. हे लेखन माणसाचे की यंत्राचे, हे सांगणारी यंत्रे आली. टर्निटिनने एप्रिल २०२३ मध्ये ती सोय दिली. ओपनएआयने मात्र स्वतःचे असे साधन त्याच वर्षी जुलैत मागे घेतले, कारण त्याची अचूकता कमी होती. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवले की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांचे निम्म्याहून अधिक निबंध अशी साधने यंत्राचे म्हणून ठरवत होती. साधे, बेताचे शब्द वापरले की संशय. हे ऐकून आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींची काळजी वाटते. इथे तर ताडून पाहायला मूळ लेखनही नसते; आरोप असतो, पुरावा नसतो.

मग यंत्रे फेकून द्यायची का? मुळीच नाही. हजारो पानांत कुठे पाहायचे हे यंत्र दाखवते, आणि ते काम माणसाच्या डोळ्यांनी होणारे नाही. तराजू वाईट नसतो. पण तराजू वजन सांगतो, माल कोणाचा ते सांगत नाही. म्हणून प्रकाशकांना, संपादकांना माझे सांगणे एवढेच: आकडा वाचू नका, अहवाल वाचा. रंगवलेला प्रत्येक परिच्छेद मुळाशी ठेवून पाहा. मूळ खरोखर आधीचे आहे का ते तपासा. ऋण मान्य केले आहे का, वाचकाची फसगत झाली आहे का, ते पाहा. आणि लेखकाला बोलावून विचारल्याशिवाय 'चोर' हा शब्द तोंडातून काढू नका. आकडा शून्य असला तरी विषयाच्या जाणकाराला एकदा वाचायला द्या.

लिहिणाऱ्यांसाठी आपल्याच परंपरेत एक चांगला दाखला आहे. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' पूर्ण केला. या संतकथा आपण मनाने रचल्या नाहीत, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांच्या आधारे लिहिल्या, हे त्यांनी ग्रंथातच सांगून टाकले आहे. त्या काळी स्वामित्वहक्काचा कायदा नव्हता, आयोग नव्हता, टक्केवारी नव्हती. महिपतींचा ग्रंथ आज यंत्रात घातला तर आकडा काय येईल याची चिंता करायचे कारण नाही. घेतले किती हे तुम्हीच आधी सांगितले असेल, तर ते मोजून दुसरे कोणी तुम्हांला चोर कसे म्हणणार?